पाणी वाटेत बिघडते

मुलांनो, सकाळी नळ उघडला की पाणी येते. आपण पेला भरतो आणि पितो. ते पाणी कुठून आले, कोणत्या वाटेने आले, याचा विचार आपण करत नाही. पाणी काचेसारखे नितळ दिसले, त्याला वास आला नाही, की ते चांगले आहे असे आपण मानतो. पण दिसायला स्वच्छ असलेले पाणी पिण्यास योग्य असतेच असे नाही. असे का, ते या पाठात आपण समजून घेऊ. त्यासाठी आपण नागपूरच्या धरमपेठेत जाऊ.

धरमपेठ हा नागपूर शहराच्या पश्चिमेकडील गजबजलेला भाग. गोकुळपेठेचा बाजार आणि मुलांचे आवडते ट्रॅफिक पार्क इथेच आहे. जवळच अंबाझरी तलाव आहे. नागपूरच्या लोकांना पिण्याचे पाणी मिळावे म्हणून हा तलाव १८७० साली बांधण्यात आला. त्या काळी तलावाचे पाणी मातीच्या नळांतून शहरात येत असे. पुढे शहर वाढले. तलावाचे पाणी पुरेना. मग गोरेवाडा तलाव, कन्हान नदी आणि शेवटी पेंच नदीवरील धरण यांचा आधार घ्यावा लागला. आज अंबाझरीचे पाणी शहराला पिण्यासाठी पुरवले जात नाही. नागपूरची तहान मुख्यतः पेंच आणि कन्हान या नद्या भागवतात.

नदीचे पाणी जसेच्या तसे घरी येत नाही. आधी ते जलशुद्धीकरण केंद्रात जाते. तिथे पाण्यात तुरटी मिसळतात. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. वरचे निवळलेले पाणी वाळूच्या जाड थरांतून गाळून घेतात. शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात. क्लोरीनमुळे पाण्यातील बहुतेक रोगजंतू मरतात. केंद्रातून बाहेर पडणारे पाणी असे शुद्ध केलेले असते.

इथपर्यंत सारे ठीक आहे. पण केंद्रापासून तुमच्या पेल्यापर्यंतची वाट लांब असते. पाणी मोठ्या नळांतून टाकीत, टाकीतून गल्लीतल्या नळांत आणि तिथून घरात येते. घरात ते हंड्यात, माठात किंवा ड्रममध्ये साठवले जाते. या वाटेवर पाणी पुन्हा बिघडू शकते. म्हणून शास्त्रज्ञ केवळ शुद्धीकरण केंद्रातील पाणी तपासून थांबत नाहीत. ते वाटेतील आणि घरातील पाणीही तपासतात.

पाणी बिघडते म्हणजे काय होते? पाण्यात मातीचे कण आले तर ते गढूळ होते. ते आपल्याला दिसते. पण पाण्यात रोगजंतू आले, तर ते डोळ्यांना दिसत नाहीत. उर्दूत आपण त्यांना जरासीम म्हणतो. हे जंतू बहुधा रोगी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात येतात. त्यांच्यामुळे पटकी म्हणजेच हैजा, विषमज्वर म्हणजेच टायफॉइड, हगवण आणि कावीळ असे आजार होतात. आजारी माणसाच्या पोटातून जंतू गटारात जातात, गटारातून पाण्यात आणि पाण्यातून निरोगी माणसाच्या पोटात. हे चक्र कुठेतरी तोडले नाही, तर एका घरातला आजार गल्लीभर पसरतो.

ही गोष्ट लोकांना नेहमीच ठाऊक होती असे नाही. १८५४ साली लंडन शहरात ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्याच्या आसपास पटकीची मोठी साथ आली. सहाशेहून अधिक माणसे दगावली. दूषित हवेमुळे पटकी होते, असे त्या वेळचे बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांना ते पटले नाही. कोण कुठे मेले, कोणत्या पंपाचे पाणी प्याले, याची चौकशी त्यांनी घरोघर जाऊन केली. बहुतेक रोग्यांनी एकाच सार्वजनिक पंपाचे पाणी प्यायले होते. त्या पंपाचे पाणी चवीला चांगले म्हणून प्रसिद्ध होते! मुद्दाम लांबून तिथे येणारे लोक होते. पुढे असे आढळले की, पंपाच्या विहिरीजवळच्या एका घराचा मैलाखड्डा पाझरत होता. चवदार पाण्यातच मृत्यू दडला होता. त्यानंतर तीस वर्षांनी, १८८४ साली, रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञांनी आपल्या देशात कोलकात्याला येऊन पटकीच्या जंतूंचा अभ्यास केला आणि हा रोग जंतूंमुळेच होतो हे जगापुढे मांडले.

आपल्याच देशातील आणखी एक घटना पाहा. डिसेंबर १९५५ मध्ये दिल्लीत काविळीची साथ सुरू झाली. यमुनेचे पात्र सरकल्यामुळे नजफगड नाल्याची घाण शहराला पाणी पुरवणाऱ्या ठिकाणापर्यंत पोहोचली होती. अधिकाऱ्यांनी पाण्यात जास्त क्लोरीन मिसळले. त्यामुळे विषमज्वराचे व हगवणीचे जंतू मेले. ते आजार वाढले नाहीत. पण काविळीचे विषाणू त्यातूनही वाचले. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या वेळच्या रोग्यांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. १९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ते तपासले, तेव्हा ही कावीळ तोवर माहीत असलेल्या काविळींपेक्षा वेगळी असल्याचे दिसून आले. आज तिला हिपॅटायटिस ई म्हणतात. गरोदर स्त्रियांना तिचा धोका फार मोठा असतो. या घटनेने दोन गोष्टी शिकवल्या. पाण्यात घाण येऊ न देणे हाच पहिला उपाय आहे, औषध टाकणे हा दुसरा. आणि पाण्यात एक प्रकारचे जंतू नाहीत म्हणून कोणतेच जंतू नाहीत असे समजू नये.

अशा प्रश्नांचा अभ्यास करणारी एक मोठी संस्था नागपूर शहरातच आहे. १९५८ साली ती केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था या नावाने सुरू झाली. १९७४ पासून तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था असे आहे. लोक तिला ‘नीरी’ म्हणून ओळखतात. नीरीने तयार केलेल्या क्लोरीनच्या अर्ध्या ग्रॅमच्या एका गोळीने वीस लिटर पाणी निर्जंतुक होते. पूरग्रस्तांसाठी ‘नीरी-झर’ नावाचे, विजेशिवाय चालणारे पाणी शुद्ध करण्याचे साधनही या संस्थेने बनवले.

आता तुम्ही विचाराल, पाण्यात नाना प्रकारचे जंतू असतात, तर शास्त्रज्ञ ते सारे शोधतात तरी कसे? प्रत्येक जंतू शोधत बसले तर फार वेळ आणि पैसा लागेल. म्हणून ते एक युक्ती करतात. दुरून धूर दिसला की तिथे आग आहे हे आपण ओळखतो. आग पाहायला जावे लागत नाही. तसेच माणसाच्या व प्राण्यांच्या आतड्यांत ‘ई. कोलाय’ नावाचे जीवाणू कोट्यवधींच्या संख्येने असतात. ते पाण्यात सापडले, की त्या पाण्यात विष्ठेची घाण मिसळली आहे हे नक्की होते. जिथे विष्ठा, तिथे रोगाचे जंतू असण्याचा संभव आहेच. म्हणून १०० मिलिलिटर पाण्याच्या नमुन्यात एकही ई. कोलाय असू नये, असा नियम आपल्या देशात पिण्याच्या पाण्यासाठी आहे.

दुसरी तपासणी याहून सोपी आहे. केंद्रात मिसळलेला सारा क्लोरीन तिथेच संपत नाही. थोडा क्लोरीन पाण्याबरोबर प्रवास करतो. जणू पाण्याबरोबर एक पहारेकरीच पाठवलेला असतो. वाटेत थोडी घाण मिसळली, तर हा पहारेकरी तिच्याशी झुंजतो. घराच्या नळाच्या पाण्यात दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असे मानक सांगते. आरोग्य कर्मचारी नळाचे पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकतात. पाण्याला रंग आला की पहारेकरी जागा आहे असे समजावे. रंग आला नाही, तर वाटेत काहीतरी बिघडले आहे. काही लोक ‘पाण्याला औषधाचा वास येतो’ म्हणून नाक मुरडतात. खरे तर क्लोरीनचा तो हलका वास म्हणजे पहारेकऱ्याची चाहूल आहे.

मग पाणी वाटेत बिघडते कसे? पंक्चर काढणाऱ्या माणसाला तुम्ही पाहिले असेल. तो हवा भरलेली ट्यूब पाण्यात बुडवतो. छिद्रातून बुडबुडे बाहेर येतात, पण पाणी आत शिरत नाही. कारण आतल्या हवेचा जोर बाहेर ढकलणारा असतो. तीच ट्यूब रिकामी असेल, तर छिद्रातून पाणी आत जाऊ शकते. जमिनीखालच्या नळांचेही असेच आहे. जुन्या नळांना, त्यांच्या सांध्यांना बारीक चिरा असतातच. नळ पाण्याने भरलेला आणि दाबाखाली असला, तर पाणी बाहेर गळते. ते नुकसान आहे, पण बाहेरची घाण आत येत नाही. पाणी दोन तास सोडले आणि मग बंद केले, की नळ रिकामे होऊ लागतात. रिकामा होणारा नळ बाहेरचे पाणी आत ओढतो. नळ जर नालीतून किंवा गटाराच्या बाजूने गेला असेल, तर कोणते पाणी आत येईल ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी पाणी सोडले की ती घाण पहिल्या धारेबरोबर थेट घरात येते.

काही लोक यात आणखी भर घालतात. पाण्याला जोर नाही म्हणून ते नळाला टिल्लू पंप लावतात. हा पंप नळातले पाणी खेचून घेतो. पाणी पुरेसे नसले, की तो चिरांतून नालीचे पाणीही खेचतो. शेजाऱ्याला पाणी मिळत नाही आणि आपल्याला घाण मिळते. असा हा दुहेरी तोटा आहे.

नीरीच्या शास्त्रज्ञांनी नागपूर, जयपूर, गाझियाबाद आणि पणजी या चार शहरांत याचा अभ्यास केला. काही तासच पाणी सोडले तर काय होते आणि चोवीस तास पाणी दिले तर काय होते, याची त्यांनी तुलना केली. २००७ आणि २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ठरावीक तास पाणी सोडतात तेव्हा नमुने दूषित निघण्याचे प्रमाण अधिक असते, असे त्यांना आढळले. आणखी एक गमतीची गोष्ट दिसली. चोवीस तास पाणी दिले तर लोक ते वाया घालवतील, अशी अनेकांना भीती वाटते. पण ज्यांची गरज थोड्या वेळच्या पाण्यातही भागत होती, त्यांचा वापर चोवीस तास पाणी मिळाल्यावर फारसा वाढला नाही. नळ केव्हाही उघडता येतो हे कळले, की शिळे पाणी फेकून नवे भरण्याची गरजच उरत नाही.

आता पुन्हा धरमपेठेत येऊ. २००७ च्या सुमारास नागपूर महानगरपालिकेने आपल्या धरमपेठ झोनमध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्याचा एक प्रयोग हाती घेतला. सुमारे १५ हजार नळजोडण्या त्यात होत्या. चोवीस तास पाणी द्यायचे म्हणजे केवळ नळाची चावी उघडी ठेवणे नव्हे. तसे केले तर सारे पाणी चिरांतून वाहून जाईल. म्हणून आधी गळती शोधावी लागते, जुने गंजलेले नळ आणि घरांच्या जोडण्या बदलाव्या लागतात, मीटर बसवावे लागतात. म्हणजे ज्या चिरांतून घाण आत येते, त्या चिराच बंद कराव्या लागतात. हे काम खर्चाचे आणि चिकाटीचे आहे. या प्रयोगाच्या अनुभवावरून २०१२ मध्ये सर्व नागपूर शहरासाठी अशी योजना सुरू करण्यात आली.

चोवीस तास पाणी मिळाले म्हणजे आजार संपले का? याचे उत्तर कर्नाटकातील हुबळी-धारवाड या जोडशहरात शोधण्यात आले. तिथे काही वस्त्यांना चोवीस तास पाणी मिळू लागले होते आणि इतर वस्त्यांना काही दिवसांआड मिळत होते. संशोधकांनी दोन्ही ठिकाणचे पाणी तपासले. चोवीस तास येणाऱ्या पाण्यात जंतू कमी सापडले. नंतर सुमारे चार हजार कुटुंबांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. चोवीस तास पाणी मिळणाऱ्या घरांत टायफॉइड कमी होता. गरीब घरांतील लहान मुलांमध्ये रक्ती हगवण कमी होती. मात्र साधे जुलाब फारसे कमी झाले नव्हते.

असे का झाले असेल? कारण जंतू केवळ नळातूनच येत नाहीत. न धुतलेले हात, उघडे अन्न, माश्या आणि घरात साठवलेले पाणी हेही त्यांचे मार्ग आहेत. नळ सुधारणे हे महानगरपालिकेचे काम आहे आणि ते नीट व्हावे म्हणून नागरिकांनी आग्रह धरला पाहिजे. पण नळापासून पेल्यापर्यंतची शेवटची वाट आपल्या हातात आहे. ती फार तर दहा पावलांची असते. तरीही केंद्रात घेतलेली सारी मेहनत तिथे वाया जाऊ शकते.

या दहा पावलांवर काय करावे? पाणी बऱ्याच तासांनी आले असेल, तर पहिल्या काही मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरू नये. ते फरशी पुसण्यासाठी किंवा झाडांना घालण्यासाठी वापरावे. माठ व हंडा रोज घासून धुवावा आणि झाकून ठेवावा. पाणी घेताना त्यात पेला किंवा हात बुडवू नये. लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. शौचानंतर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. पाण्याचा नळ नालीतून गेलेला दिसला, पाणी पिवळे आले किंवा त्याला गटारासारखा वास आला, तर मोठ्यांना सांगून लगेच तक्रार नोंदवावी. तक्रार करणे म्हणजे भांडण नव्हे. एका घराच्या तक्रारीमुळे अख्खी गल्ली वाचते.

पावसाळ्यात विशेष काळजी घ्यावी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदीला पूर आला आणि धरमपेठेच्या परिसरातील अनेक घरांत पाणी शिरले. अशा वेळी नाल्या, गटारे आणि रस्ते एकच होतात. जमिनीखालचे नळ आणि घरांच्या टाक्या घाण पाण्यात बुडतात. पूर ओसरला तरी धोका ओसरत नाही. म्हणून पुरानंतर टाक्या धुवून घ्याव्यात आणि पाणी चांगले खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नये. क्लोरीनची गोळी टाकली असेल, तर अर्धा तास थांबून मगच पाणी प्यावे. जंतू मरायला तेवढा वेळ लागतो.

इतके करूनही घरात कुणाला जुलाब झाले तर? जुलाबात माणूस दगावतो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून लगेच जलसंजीवनी द्यावी. एक लिटर शुद्ध पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा घालून ढवळावे व घोटघोट पाजत राहावे. इथे चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ होती. तिथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच द्रावणाने असंख्य प्राण वाचवले. रोग्याला डॉक्टरांकडे नेईपर्यंत हे पाणी त्याचा आधार असते.

मुलांनो, नदीपासून नळापर्यंत पाणी आणायला शेकडो माणसे राबतात. कुणी गाळतो, कुणी तपासतो, कुणी चिखलात उतरून नळ जोडतो. शेवटचा माणूस मात्र आपण असतो. आज घरी गेल्यावर एवढेच पाहा: माठावर झाकण आहे का आणि ओगराळे कुठे ठेवले आहे?

स्वाध्याय

१. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी चवदार असूनही घातक का ठरले?
२. पाण्यात ई. कोलाय सापडले तर त्यावरून काय कळते?
३. रिकामा नळ भरलेल्या नळापेक्षा अधिक धोक्याचा का असतो? सायकलच्या ट्यूबचे उदाहरण देऊन लिहा.
४. तुमच्या घरी पाणी कुठून येते, किती वेळ येते आणि कसे साठवले जाते, याविषयी आठ-दहा ओळी लिहा.